बचत सजावटीत करावी, क्लिपमध्ये नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कमी खर्चात केसांच्या क्लिपा, हेअरबँड आणि रबरबँड घरी सजवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. छायाचित्रे देखणी होती. परंतु प्रत्येक कृती ‘आता हे क्लिपवर चिकटवा’ या वाक्यापाशी संपत होती, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे खरे काम तेथूनच सुरू होते. मी शिवणकाम करते आणि उरलेल्या कात्रणांतून अशा वस्तू बरीच वर्षे करत आले आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

सुरुवातीच्या काळात मी भाचीसाठी सॅटिनच्या रिबिनीचे एक फूल करून ते ग्लू गनने, म्हणजे गोंदाची कांडी वितळवून सोडणाऱ्या साधनाने, साध्या धातूच्या क्लिपवर चिकटवले होते. दुसऱ्याच दिवशी क्लिप काढताना फूल हातात आले, आणि क्लिपवर उरलेल्या गोंदाच्या टोकदार कडेत तिचे चार केस अडकून तुटले. तिच्या डोळ्यांत आलेले पाणी मला अजून आठवते. गुळगुळीत, थंड धातूवर पडताच गरम गोंद पकड घेण्याआधीच कडक होतो, आणि पुढे जरासा ताण आला की पापुद्र्यासारखा सुटतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. धातू आधी पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसला तर पकड सुधारते, पण त्याहून भरवशाची पद्धत फेल्टची, म्हणजे दाबून केलेल्या जाडसर मऊ कापडाची, आहे. फेल्टचा रुपयाएवढा गोल कापून त्याला समोरासमोर दोन चिरा द्याव्यात, क्लिपची वरची पट्टी त्या चिरांतून ओवून घ्यावी आणि फूल त्या फेल्टवर कडेने दोऱ्याने शिवावे. मग फूल गोंदाच्या भरवशावर राहत नाही आणि केसांच्या बाजूला मऊ कापडच येते.

फुलासाठीही गोंद लागतोच असे नाही. अडीच इंच व्यासाचे पाच गोल कापावेत, प्रत्येकाची दोनदा घडी घालून चतकोर करावा, गोलाईच्या कडेने धावदोरा घालावा आणि त्याच दुहेरी दोऱ्यात पाचही पाकळ्या एकामागोमाग ओवून दोरा ओढावा. चुण्या पडतात, पाकळ्या आपोआप उभ्या राहतात, आणि पहिली पाकळी शेवटचीला बांधली की मध्ये एखादे जुने बटण बसवायला जागा उरते. या पद्धतीत कापडाची कच्ची कड मध्यभागी झाकली जात असल्याने सुती कापडही चालते. लेखात मात्र सर्वच कापडाच्या कडा मेणबत्तीच्या आचेवर धरायला सांगितले होते. ती युक्ती पॉलिस्टरच्या रिबिनीपुरती आहे, कारण पॉलिस्टर वितळून कड बंद होते; सुती कापड वितळत नाही, ते जळते. एवढा फरक छापणे गरजेचे होते, विशेषतः मुले सोबत बसून करणार असतील तेव्हा.

पैसे कुठे वाचवावेत याविषयीही माझे मत थोडे वेगळे आहे. तुटलेल्या माळेचे मणी, एकटे उरलेले कानातले, जुन्या कपड्यांची लेस, टिकल्या, हे सारे घरातच असते आणि सजावट त्यातूनच व्हावी. जुन्या शर्टाच्या बाहीतून चार इंच रुंद आणि वीस इंच लांब पट्टी निघाली, की आठ इंच इलॅस्टिक घालून एक छान स्क्रंची, म्हणजे कापडात गुंफलेला चुणीदार रबरबँड, होते, आणि ती केसांना उघड्या रबरबँडइतकी ओढत नाही. क्लिप मात्र चांगली घ्यावी. तिची स्प्रिंग घट्ट असावी, कडा बोटाला टोचू नयेत, आणि ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही त्यांनी धातूवर दोन्ही बाजूंनी रिबीन गुंडाळावी. पातळ केसांतून क्लिप घसरत असेल तर आतल्या बाजूला मखमलीची बारीक पट्टी लावावी. ती मी सर्वच क्लिपांना लावते.

तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तूंवर मात्र मणी, खडे किंवा बटणे मुळीच लावू नयेत. सुटलेला मणी तोंडात जातो आणि घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी फुलाच्या मध्यभागी जाड दोऱ्याच्या गाठी भराव्यात, त्याही तितक्याच गोजिरवाण्या दिसतात.

अशी सदरे आपण जरूर चालू ठेवावीत. पुढच्या वेळी प्रत्येक वस्तूच्या पुढच्या बाजूच्या छायाचित्राशेजारी मागच्या बाजूचेही एक छायाचित्र छापावे, एवढी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक