फोटोतला कोट

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप बाबांच्या व सौ. आईच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होते आणि खोली ऊबदार आहे. म्हणून थेट फोटोतल्या कोटाबद्दलच लिहितो. "पैसे कमी पाठवले आणि अंगावर साहेबी कोट!" हे आईचे फोनवरचे बोलणे मला लागले, पण तिचे चुकले असेही म्हणवत नाही, कारण असा लोकरी कोट नवा घेतला असता तर 150 पौंड, म्हणजे आपले 15 हजारांहून अधिक रुपये सहज गेले असते. मी तो 12 पौंडांना घेतला, आणि तो जुना आहे.

"जुना" वाचताच आईने कपाळाला आठ्या घातल्या असतील, म्हणून येथील रीत सविस्तर सांगतो. आई जुने कपडे बोहारणीला देऊन पातेले घेते आणि त्या कपड्यांचे पुढे काय होते हे आपण कधी विचारत नाही. येथे लोक ते धुऊन, पिशवीत भरून ऑक्सफॅमसारख्या धर्मादाय संस्थांच्या दुकानात फुकट नेऊन देतात. दुकानात बहुतेक जण बिनपगारी काम करतात, दानात आलेल्या कपड्यांच्या विक्रीवर व्हॅट शून्य असतो आणि उरलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. त्यामुळे चांगला शर्ट चार-पाच पौंडांत मिळतो. मला अजूनही न उलगडलेली गोष्ट वेगळीच आहे. मोटारीतून उतरून पिशवी देणारी बाई तेथेच वळून स्वतःसाठी स्वेटर चाळू लागते. आपल्याकडे साडीची किंमत दोनशे रुपये चढवून सांगतात, तर माझे वरिष्ठ आपला टाय एका पौंडाचा आहे हे न विचारता, अगदी अभिमानाने सांगतात.

कोट मेलेल्या माणसाचा असेल, असे आई म्हणेल. असेलही, मी विचारले नाही. तो ड्रायक्लीन करून घेतला, त्याचे 14 पौंड पडले, म्हणजे एकूण 26 झाले, हेही लपवत नाही. मोजे, बूट आणि आतले कपडे मी नवेच घेतो. मोजे कर्कगेट बाजारात घेतो. त्याच बाजारात 1884 मध्ये एक पेनीला एक वस्तू विकणारा ठेला लागला आणि त्यातूनच पुढे मार्क्स अँड स्पेन्सर ही मोठ्या दुकानांची साखळी उभी राहिली.

कापड पाहायला मला आजोबांनी शिकवले. एम्प्रेस मिलमध्ये मागावर आयुष्य काढलेले आजोबा नागपूरच्या गांधीबाग कापडबाजारात कापड उजेडाकडे धरून पाहत, तसेच मी येथे धरतो, कारण लोकरीला कसर लागली असेल तर टाचणीएवढी भोके उजेडातच दिसतात. मग कॉलरची घडी आणि बाह्यांची टोके पाहायची, कारण झीज तेथे आधी होते, आणि शेवटी खांदा. खांदा बसला नाही तर कोट कितीही स्वस्त असो, परत टांगायचा. कंबर आत घेता येते, पण खांदा उसवायचा म्हणजे कोट नव्यानेच शिवायचा. येथील शिंपी नुसत्या बाह्या आखूड करायला 20 पौंड मागतो. माझ्या कोटाचे अस्तर काखेत फाटले होते, ते मी आईने डब्यात दिलेल्या काळ्या रिळाने शिवले. टाके वेडेवाकडे आले आहेत, म्हणून फोटोत हात अंगाशी धरून उभा आहे.

बाबा, आपल्या महाल भागातल्या शिंप्याकडे शिवलेला सूट मी टाकलेला नाही. टेरीवूलमध्ये येथील थंडी भागत नाही, एवढेच. मुलाखतीला तोच घातला होता. त्या दिवाळीला तुम्ही स्वतःसाठी कापड घेतले नाही, हे मला ठाऊक आहे.

या महिन्यात 60 पौंड कमी आले ते खोलीभाडे वाढल्यामुळे; ताईच्या लग्नाच्या कार्यालयाची रक्कम मात्र ठरल्या तारखेला पोहोचेल. अमरावतीच्या मंडळींना फोटो पसंत पडला, हे वाचून बरे वाटले आणि धास्तीही वाटली. त्यांना माझा पगार स्पष्ट सांगावा, आणि कोटावरून त्यांचा काही समज झाला असेल तर कोटाची किंमतही सांगावी. ऐकून मुलीला हसू आले तर मला कळवावे.

डिसेंबरात मित्र नागपूरला येत आहे, त्याच्याबरोबर बाबांसाठी राखाडी रंगाचा बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर पाठवत आहे. तो नवा आहे. किमतीची चिठ्ठी काढलेली नाही, ती आईला दाखवावी.

आपला आज्ञाधारक
मुलगा