सर्वश्रेष्ठ कोण? नुसते गोल मोजू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अलेक्झांडर ओवेचकिन यांनी ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५वा गोल करून वेन ग्रेट्झकी यांचा विक्रम मोडला, म्हणून आइस हॉकीतील सर्वश्रेष्ठपणाचा निवाडा आता झालाच, असे मानणे मला पटत नाही. गोल करण्यास साहाय्य केल्याबद्दल ग्रेट्झकी यांच्या नावावर जमा असलेले १,९६३ गुण इतके अफाट आहेत, की त्यांचे सर्व ८९४ गोल वजा केले तरी नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेच्या एकूण गुणांत (प्रत्येक गोलला एक आणि प्रत्येक साहाय्याला एक गुण) तेच पहिले राहतात.

तरीही माझे मत बॉबी ऑर यांना आहे. बचावपटू असूनही त्यांनी लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवण्याचा मान दोनदा पटकावला; दुसऱ्या कोणत्याही बचावपटूला तो एकदाही मिळालेला नाही. स्वतःच्या गोलपाशी चकती हिरावून घ्यायची आणि बर्फावरून थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपर्यंत धडक मारायची, ही त्यांची शैली बचावपटूच्या कामाची व्याख्याच बदलणारी ठरली. गुडघ्याच्या दुखापतींमुळे अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांना निवृत्त व्हावे लागले, आणि ६५७ सामन्यांची ती कारकीर्द एकूण आकड्यांच्या यादीत मागे पडते, याची मला मनापासून खंत वाटते.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, नाशिक