कोअर चिपवर किती, यावर लायसन्सची फी का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या प्रोसेसरांविषयीचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. सर्व्हरच्या एका चिपवर आता १९२ कोअर (म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणन-घटक) बसतात, त्यामुळे संगणन स्वस्त होत चालले आहे, असा त्याचा सूर होता. यंत्रापुरते हे खरे आहे. पण त्या यंत्रावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे बिल ज्यांच्या टेबलावर येते, त्यांचा अनुभव नेमका उलटा आहे, कारण लायसन्सची फी कोअर मोजून लावली जाते. एका मध्यम आकाराच्या संस्थेचे सर्व्हर मी बरीच वर्षे सांभाळतो. लेखात न आलेली ही बाजू वाचकांपुढे यावी म्हणून लिहितो आहे.

आमच्या जुन्या सर्व्हरमध्ये ४ कोअरचे दोन प्रोसेसर होते. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा तो बदलणे भाग पडले. नव्यासाठी जी कोटेशने आली, त्यांत ४ कोअरचा प्रोसेसर कुणीच दिला नव्हता. शेवटी १६ कोअरचे दोन घेतले. एकावर भागणार नाही का, असे खरेदी विभागाने विचारले आणि प्रश्न रास्त होता. पण दोन सॉकेटच्या (प्रोसेसर बसवण्याच्या दोन जागा असलेल्या) सर्व्हरमध्ये मेमरीचे निम्मे स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. तो सॉकेट रिकामा ठेवला तर ते स्लॉटही निरुपयोगी. आम्हाला मेमरी हवी होती, ती घेताना १६ कोअर सोबत आले. अशा रीतीने ८ कोअरचे ३२ झाले. डेटाबेस तोच, त्यातली माहिती तीच, वापरणारी माणसेही तीच. लायसन्स नव्या यंत्रावर नेण्याचे कोटेशन मात्र चौपट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. सर्व्हरची किंमत त्या आकड्यापुढे किरकोळ वाटावी, अशी वेळ आली.

सही करण्यापूर्वी मी चाचणी घेतली. महिनाअखेरीच्या दिवशी, सगळे विभाग एकाच वेळी कामाला लागलेले असताना, प्रत्येक कोअर किती राबतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बसलो. हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन भासवणारी सोय) बंद होते, त्यामुळे पडद्यावर ३२ चौकटी होत्या. पाच-सहा चौकटींत रेघ वरखाली होत होती. उरलेल्या चौकटींत ती तळाला चिकटून राहिली, अर्धा तास तशीच. अहवाल पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर निघत होते हे खरे, पण त्याचे श्रेय जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी आलेल्या एसएसडीला (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कला) आणि वाढलेल्या मेमरीला होते. काम वेगाने झाले डिस्कमुळे, आणि पैसे मागितले गेले कोअरचे.

विक्रेत्याच्या प्रतिनिधीला मी विचारले, २४ कोअर बायॉसमधून (यंत्राच्या मूळ सेटिंगमधून) बंद करून ठेवतो, मग तर चालेल? तो म्हणाला, "सर, तुम्ही आज बंद कराल, उद्या चालू कराल. चिपवर आहेत ना, मग मोजायचेच." बरे, व्हर्च्युअल मशीन (यंत्रातच सॉफ्टवेअरने केलेले वेगळे यंत्र) करून तिला ८ कोअर देतो. त्यालाही नकार. खालच्या यंत्राचे सगळे कोअर धरले जातील, असे त्यांच्या नियमात असल्याचे त्याने सांगितले. तो माणूस सज्जन होता, नियम त्याने केलेला नव्हता. पण मूळ करारावर सही करताना आम्हाला हा नियम कुणी वाचून दाखवला नव्हता, आणि आम्हीही विचारला नाही.

हे असे का झाले, ते थोडे मागे जाऊन सांगायला हवे. साधारण २००४-०५ पर्यंत प्रोसेसरचा वेग दर पिढीला वाढत होता आणि त्यासाठी सॉफ्टवेअरचे कुणी जादा पैसे घेत नव्हते. मग उष्णता आवरेना, वेग तीन-चार गिगाहर्ट्झपाशी अडला, आणि २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोघांनी दोन कोअरच्या चिप बाजारात आणल्या. तेव्हापासून जे वाढते आहे ते मुख्यतः कोअरच्या संख्येत. ग्राहकाने कोअर मागितले नव्हते, वेग वाढवण्याचा दुसरा मार्ग कारखान्यांकडे उरला नाही म्हणून ते आले.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर केले होते की चिपवर कोअर कितीही असोत, लायसन्स प्रोसेसरमागे एकच. ते धोरण एसक्यूएल सर्व्हर या त्यांच्या डेटाबेससाठी २०१२ च्या आवृत्तीत आणि विंडोज सर्व्हरसाठी २०१६ च्या आवृत्तीत बदलले. डेटाबेस विकणारी ओरॅकल सुरुवातीला प्रत्येक कोअर हा एक प्रोसेसर धरत असे. २००५ मध्ये आधी कोअरला पाऊण, मग इंटेल-एएमडीच्या कोअरला अर्धा असा हिशेब आला. त्या वेळी दोन कोअरची चिप दोन अर्ध्यांनी एकच भरायची, तेव्हा तो न्याय्य वाटला. गुणक आजही अर्धाच आहे, चिपवरचे कोअर मात्र ६४ आणि त्याहून जास्त झाले. व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हीएमवेअरने २०२० मध्ये एका लायसन्सला ३२ कोअरची मर्यादा घातली. पुढे ती कंपनी ब्रॉडकॉम या चिप-कंपनीकडे गेल्यावर सरळ कोअरमागे आकारणी सुरू झाली.

सॉफ्टवेअर कंपन्यांचे म्हणणे मला समजते. पूर्वी सोळा यंत्रे लागायची ते काम आज एक चिप करत असेल, तर एका लायसन्सवर त्यांनी का भागवावे? जिथे खरोखरच ६४ कोअर राबतात, तिथे जास्त पैसे घ्यावेत, माझी हरकत नाही. पण कोअर चौपट म्हणजे काम चौपट, हे गणितच चुकीचे आहे. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच ते दाखवून दिले. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एक करावा लागत असला, तरी ८ कोअरवर वेग ४.७ पट होतो आणि ३२ कोअरवर जेमतेम ७.८ पट. फी चौपट भरून पदरात पडतो दीडपटीहून थोडा अधिक वेग, तोही सगळे कोअर गुंतले तर.

शिवाय कमी कोअरवाल्यालाही यातून सूट नाही. विंडोज सर्व्हर २०१६ पासून सर्व्हरमागे किमान १६ कोअरचे लायसन्स घ्यावेच लागते, मग यंत्रात ८ का असेनात. एसक्यूएल सर्व्हरला किमान ४, व्हीएमवेअरला आता प्रोसेसरमागे किमान १६. कोअर जास्त असले तर प्रत्यक्ष मोजणी आणि कमी असले तर ठरावीक किमान आकडा, दोन्हीकडून ग्राहकच भरतो.

माझी मागणी एवढीच आहे की सॉफ्टवेअरला जितके कोअर नेमून दिले तितक्यांचेच पैसे घ्यावेत. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ठरावीक कोअरच्या बाहेर न जाण्याची सोय अनेक डेटाबेसमध्ये आहे. मर्यादा वाढवल्याची नोंद ठेवता येते, ऑडिटमध्ये ती तपासता येते. विश्वास नसेल तर मर्यादा लायसन्सच्या कीमध्येच (सॉफ्टवेअर चालू करणाऱ्या सांकेतिक क्रमांकातच) घाला. यंत्र जुने झाले म्हणून बदलले आणि काम तेवढेच राहिले, तर केवळ नव्या चिपसाठी फी वाढू नये.

तोवर ज्यांची खरेदी व्हायची आहे त्यांनी प्रोसेसर निवडण्याआधी लायसन्सचे नियम मागवावेत. आम्ही क्रम उलटा ठेवला आणि फसलो. कमी कोअर पण जास्त वेगाचे सर्व्हर-प्रोसेसर मिळतात, एएमडीने २०२० मध्ये काढलेला ८ कोअरचा एपिक ७एफ३२ हा त्यातलाच. ते कोटेशनमध्ये आपणहून येत नाहीत, नाव घेऊन मागावे लागतात. आम्ही अहवालांचा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल या मोफत डेटाबेसवर हलवला आहे, तिथे कोअर कुणी मोजत नाही. मुख्य डेटाबेस हलवता येत नाही, कारण आमचे अ‍ॅप्लिकेशन त्याच्याशीच बांधलेले आहे.

विक्रेत्याला एवढे जरूर विचारावे: बंद केलेले कोअर मोजणार का, व्हर्च्युअल मशीनचे मोजणार की खालच्या यंत्राचे, आणि यंत्र बदलल्यास काय? उत्तर फोनवर न घेता लेखी घ्यावे आणि कराराला जोडावे. ऑडिटला येणारी माणसे वेगळी असतात आणि ती फक्त कागद पाहतात.

आपला नम्र,
एक वाचक (सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर)