मोबाइलवर तुटणारा बाजारभावांचा तक्ता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बाजारभावांचा तक्ता मोबाइलवर नीट वाचता येत नसल्याबाबत.

महोदय,

मी येवला तालुक्यातील कांदा उत्पादक असून दोन वर्षांपासून वर्गणी भरून आपल्या संकेतस्थळावर रोजचे भाव पाहतो. तक्त्यात बाजार समिती, वाण, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे सहा रकाने आहेत. मोबाइलवर शेवटचा रकाना पाहण्यासाठी तक्ता सरकवला, की बाजार समितीचे नाव पडद्याबाहेर जाते आणि समोर नुसते आकडे उरतात.

गेल्या मंगळवारी पहाटे याच आकड्यांत माझी ओळ चुकली. पिंपळगाव बसवंतचा 1,850 रुपये क्विंटल हा आदल्या दिवशीचा सर्वसाधारण दर मी लासलगावचा समजलो आणि जवळचे येवला सोडून 25 क्विंटल कांद्याची ट्रॉली लासलगावला नेली. लासलगावचा दर खरे तर 1,600 होता, येवल्याचाही जवळपास तेवढाच. डिझेल आणि अर्धा दिवस मात्र वाया गेला.

बोटांनी पान मोठे करण्याची सोय आपण बंद ठेवली आहे, हे मला सर्वांत खटकते. माझ्या वडिलांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांनी भाव पाहायचे कसे? आपल्या प्रतिनिधींनी मोबाइल आडवा धरण्यास सुचवले. तसे केल्यास जेमतेम चार ओळी दिसतात आणि खाली जाताच रकान्यांची शीर्षके नाहीशी होतात.

संकेतस्थळे बनवणाऱ्या माझ्या पुतणीच्या सांगण्यानुसार तक्ता स्वतःच्या चौकटीत आडवा सरकू देणे आणि पहिला रकाना व शीर्षकाची ओळ जागेवर खिळवून ठेवणे सीएसएस या पानाची मांडणी ठरवणाऱ्या संगणकीय भाषेच्या मोजक्या ओळींत होते. अक्षरे दुपटीपर्यंत मोठी करता यावीत, हे तर संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांतच आहे. मात्र प्रत्येक बाजार समितीची वेगळी चौकट करून आकडे एकाखाली एक मांडू नयेत. आम्हाला एका समितीचा दर दुसरीच्या दराशी ताडून पाहायचा असतो आणि त्या मांडणीत नेमके तेच अवघड होते.

या दुरुस्त्या कधीपर्यंत होतील, हे कृपया लेखी कळवावे. तोपर्यंत निदान सर्वसाधारण दराचा रकाना समितीच्या नावालगत आणावा आणि पान मोठे करण्याची सोय लगेच सुरू करावी. उन्हाळ कांदा निघण्यापूर्वी हे होणे आम्हा वर्गणीदारांसाठी अत्यंत गरजेचे आहे.

आपला विश्वासू,
एक वर्गणीदार शेतकरी
ता. येवला, जि. नाशिक