निदानाला यंत्राची मदत घ्यावी, पण सही डॉक्टरांची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने साध्या आजारांचे निदान करण्याविषयी सध्या जी चर्चा चालू आहे, तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. दवाखान्यात काढलेले छायाचित्र किंवा एक्स-रे तपासणारी प्रणाली ही एक गोष्ट, आणि रुग्णाने मोबाइलवर लक्षणे लिहून परस्पर मिळवलेले उत्तर ही दुसरी. पहिलीचा पुणे महापालिकेने विनाविलंब विचार करावा, असे मला मनापासून वाटते. दुसरीची मला काळजी वाटते.

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम सुरुवातीला रुग्णाला जाणवतच नाही आणि नजर अधू होऊ लागते तोवर बराच उशीर झालेला असतो. पडद्याच्या छायाचित्रावरून हा विकार ओळखणाऱ्या प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्येच परवानगी दिली. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचे संशयित शोधण्यासाठी १५ वर्षे व त्यावरील वयोगटात असे सॉफ्टवेअर वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. दोन्ही ठिकाणी यंत्राला एकच नेमका प्रश्न विचारलेला असतो आणि संशय आला तर पुढे नेत्रतज्ज्ञांकडे किंवा थुंकीच्या तपासणीसाठी पाठवायचे, हेही ठरलेले असते. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात नेत्रतज्ज्ञ रोज बसणे शक्य नाही. कॅमेरा हाताळायला मात्र तिथल्या परिचारिकेला शिकवता येईल. साखरेच्या गोळ्या न्यायला आलेल्या घरकामगार बाईंचे डोळे त्याच वेळी तपासून झाले, तर ससूनच्या रांगेसाठी त्यांचा एक खाडा वाचेल.

मोबाइलवरच्या उत्तराची गोष्ट निराळी. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका औषधाच्या दुकानात तापाने फणफणलेला एक तरुण मोबाइलचा पडदा दाखवून अंगदुखीची गोळी मागत होता. ‘व्हायरल आहे’ असे त्याला उत्तर मिळाले होते आणि खाली आयब्युप्रोफेनचे नाव होते. पुण्यात पावसाळ्यातला ताप डेंगीचा असू शकतो आणि डेंगीत या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणूनच आपले फॅमिली डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. दुकानदाराने मात्र चिठ्ठी न मागता गोळ्या दिल्या.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक आढळले. हातापायांना मुंग्या येणे आणि अशक्तपणा ही त्याची लक्षणे एरवी जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर सहज ढकलली जातात. पण थोड्या दिवसांपूर्वी जुलाब झाले होते का, पाणी कुठले पिता, शेजारी कोणाला असेच होते आहे का, हे विचारले की त्याच लक्षणांचा अर्थ बदलतो. हे प्रश्न त्या आठवड्यात, त्या भागात विचारायला हवेत, हे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना कळते. परिसरात काय चालले आहे याची खबर नसलेल्या प्रणालीला ते सुचण्याची खात्री कोण देणार?

केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी प्रणाली नोंदणीकृत डॉक्टरांना साहाय्य करू शकते. रुग्णाला थेट सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची तिला मुभा नाही. महापालिकेने यंत्रणा खरेदी करताना हीच मर्यादा करारात स्पष्ट लिहून घ्यावी. तपासणी यंत्राने केली आहे हे रुग्णाला मराठीतून सांगावे, प्रत्येक अहवालावर जबाबदार डॉक्टरांचे नाव व सही असावी आणि खरेदीपूर्वी पुण्यातल्याच रुग्णांवर चाचणी घेऊन यंत्राच्या नजरेतून किती रुग्ण सुटले, तो आकडा जाहीर करावा. पुरवठादार कंपनीच्या माहितीपत्रकातील अचूकतेच्या दाव्यावर विसंबून निविदा मंजूर होऊ नये, अशी माझी आरोग्य विभागाला आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे