रविवारी टांगत्या कुंड्या: येताना काय आणायचं

सभासदांनो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता नेहमीच्या अंगणात जमूया. तारेची १२ इंची टोपली प्रत्येकाने आपापली आणावी. अस्तरासाठी बाजारातली काथ्याची वाटी विकत घेऊ नका. पडवीत नारळाची सोडणं (वरची सालं) पडलेली असतातच, तीच ठेचून आणा.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणणाऱ्यांनी ते गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, पिळून आणावं. त्यात खार असतो. गेल्या वर्षी मी आळस केला आणि पिटुनियाची पानं आठवड्यात कडेने करपली. नुसती तांबडी माती भरू नका. टोपली जड होते, सुकली की मातीचा गोळा कडेपासून सुटतो आणि वरून ओतलेलं पाणी तसंच खाली जातं. असं झालंच तर टोपली बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा.

एका टोपलीत चार-पाच रोपं पुरे. उन्हाच्या जागी ऑफिसटाइम (चिनी गुलाब) किंवा सदाफुली, सकाळचं कोवळं ऊन असेल तिथे पिटुनिया. पाणी बोटाने माती चाचपून घाला. सुकलेली फुलं खुडत राहा, नाहीतर झाड बी धरतं आणि फुलणं मंदावतं. समुद्राकडे तोंड असलेल्या घरांनी आठवड्यातून एकदा पानांवर गोडं पाणी शिंपडावं.

हूक मात्र वाशाला पक्का मारा. गणपतीच्या डोक्यावर माटवी (लाकडी चौकट) बांधणाऱ्यांना हे सांगायला नको!

चहा आमच्याकडे.