डोनट चार्टमधले आकडे तुकड्यांवरच छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वर्तमानपत्रांत हल्ली वृत्तालेखाच्या (पाय चार्टच्या) जागी सर्रास डोनट चार्ट, म्हणजे मधोमध मोकळा, कड्यासारखा तक्ता येतो. दिसायला तो सुबक असतो, पण वाचता येईल असा क्वचितच असतो. गणिताची निवृत्त शिक्षिका म्हणून त्याबद्दल लिहिते आहे.

दहावीला वृत्तालेख शिकवताना आम्ही आधी केंद्रीय कोन काढायला लावतो. डोनटमध्ये नेमका तो कोनच कापलेला असतो. वाचकाच्या हाती उरते ती कडेची कमान. एक टक्का म्हणजे अवघे ३.६ अंश. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रुपयातले १८ पैसे जीएसटीतून आणि १७ पैसे कंपनी करातून दाखवले होते. आकडे झाकले तर यातली मोठी कमान कोणती, हे मीही सांगू शकणार नाही. म्हणून नाव आणि आकडा तुकड्यावर किंवा त्याला लागूनच हवा.

प्रत्यक्षात मात्र खाली, कोणता रंग कशाचा हे सांगणारी बारीक चौकोनांची सूची असते. कोथरूडला आमच्या वाचनालयात सकाळी ज्येष्ठ मंडळी अंक वाचायला येतात. आतले पान कृष्णधवल असले की सूचीतले पाचही रंग करडे होतात. एक आजोबा भिंग घेऊन चौकोनावरून कमानीवर आणि कमानीवरून परत चौकोनावर जात राहतात आणि शेवटी मलाच विचारतात, “बाई, यात पाण्यावर किती खर्च आहे हो?” त्यांना महापालिकेचा हिशेब मनापासून समजून घ्यायचा असतो. रंगीत पानावरही लाल-हिरव्यातला फरक न कळणारे वाचक असतात, त्यांतही पुरुष अधिक.

तुकडे चार-पाचच असावेत. सर्वांत मोठा घड्याळातल्या बाराच्या जागेपासून सुरू करून उरलेले उतरत्या क्रमाने. वर सांगितलेल्या अर्थसंकल्पात खर्चाच्या बाबी नऊ होत्या आणि त्यातल्या चार प्रत्येकी ८ पैशांच्या. तिथे सरळ आडवा स्तंभालेख द्यावा. एका रेषेपासून मोजलेली लांबी माणसाला कोनापेक्षा अचूक कळते, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोगांनी दाखवले आहे.

मधल्या मोकळ्या जागेत नाण्याचे चित्र नको, एकूण रक्कम हवी. गेल्या वर्षीचे आणि यंदाचे आकडे एकात एक दोन कड्यांत तर दाखवूच नयेत: टक्केवारी तीच असली तरी बाहेरच्या कड्यावरची कमान लांब होते आणि खर्च वाढल्यासारखे वाटते.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. ‘तुम्ही कशाने प्रवास करता?’ अशा पाहणीत वनाजहून मेट्रोने जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकावर उतरून पुढे पीएमपीची बस पकडणारा माणूस दोन उत्तरे देतो. अशा उत्तरांची बेरीज शंभरावर जाते. डोनटचे सगळे तुकडे मिळून एक पूर्ण व्हायला हवे. ही बेरीज त्यात कोंबली की प्रत्येक कमान खोटी ठरते.

आपल्या चित्रकारांना एवढीच विनंती: पान छपाईला जाण्यापूर्वी तक्त्याची एक करडी प्रत काढून, ज्याने तो काढलेला नाही अशा सहकाऱ्याला वाचायला द्यावी. त्याला सूचीकडे बघावे लागले, तर तक्ता पुन्हा काढावा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
कोथरूड, पुणे